बूट मेन्यूत चालणारा कीबोर्ड पुढे मुका का होतो? पासवर्ड रिकव्हरी करताना या चुका टाळा

विंडोजचा पासवर्ड विसरला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून रिकव्हरीचा पेनड्राइव्ह तयार केला. बूट मेन्यू (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) उघडला, बाणाच्या कळीने पेनड्राइव्ह निवडला, एंटर मारला. प्रोग्राम व्यवस्थित सुरू झाला, यूजरच्या नावांची यादीही आली. आणि आता माउसचा बाण जागचा हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही. 'रिसेट'चं बटण समोर दिसतंय, पण दाबायचं कशाने?

माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा मी एका संध्याकाळी तीन कीबोर्ड बदलून पाहिले. तिन्ही धडधाकट होते. चुकत होतं भलतीकडेच.

कीबोर्डलाच दोष देणं

ज्या कीबोर्डने दोन मिनिटांपूर्वी बूट मेन्यूत पेनड्राइव्ह निवडला, तो एवढ्यात खराब झालेला नसतो. बदलतो तो त्याच्याशी बोलणारा. कॉम्प्युटर सुरू होताना कीबोर्डकडे लक्ष असतं ते मदरबोर्डवरच्या फर्मवेअरचं, म्हणजे बायोसचं किंवा यूईएफआयचं. यूएसबी कीबोर्ड समजण्यापुरता छोटा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, त्याच्यापाशी असतो आणि बूट मेन्यू त्याच्याच जिवावर चालतो. पेनड्राइव्हवरची सिस्टम (बहुतेक रिकव्हरी प्रोग्राममध्ये ती विंडोज पीई, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं छोटं विंडोज, किंवा एखादं छोटं लिनक्स असते) मेमरीत चढली की यूएसबी कंट्रोलरचा, म्हणजे यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचा, ताबा ती स्वतःकडे घेते. तिच्यापाशी त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर असेल तर काम पुढे चालू राहतं. नसेल तर फर्मवेअरने हात सोडलेला आणि नव्या सिस्टमने धरलेला नाही, अशी मधल्यामध्ये लटकलेली अवस्था होते.

म्हणून आधी एवढंच ठरवा: कीबोर्ड नेमका कोणत्या क्षणी बंद पडला? एफ१२ किंवा एफ२ ची कळच लागत नसेल तर मामला फर्मवेअरच्या सेटिंगचा. बूट मेन्यूत चालून प्रोग्राम उघडल्यावर बंद पडत असेल तर ड्रायव्हरचा. कीबोर्ड चालतो आणि फक्त टचपॅड मेला असेल तर ती तिसरीच गोष्ट, तिच्याकडे पुढे येतो.

कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर सिस्टम जिवंत आहे आणि कीबोर्ड तिच्यापर्यंत पोचतोय. अडचण प्रोग्रामच्या खिडकीत आहे. दिवा ढिम्म असेल तर एक तर ड्रायव्हर नाही, नाही तर सगळी सिस्टमच गोठली आहे. स्क्रीनवर घड्याळ, प्रगतीची पट्टी, लुकलुकणारा कर्सर असं काही हलताना दिसलं तर गोठलेली नाही, हे उघड आहे.

जुना प्रोग्राम, नवं मशीन

माझ्या अनुभवात दहातली बहुतेक प्रकरणं इथेच येऊन थांबतात. यूएसबी ३.० चं प्रमाण २००८ च्या अखेरीस आलं आणि त्याच्यासोबत एक्सएचसीआय नावाचा नवा कंट्रोलर आला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हरच नव्हता. मायक्रोसॉफ्टने तो २०१२ मध्ये विंडोज ८ पासून आत घातला. विंडोज पीई हे त्या त्या विंडोजचंच छोटं रूप. पीई ३ म्हणजे विंडोज ७ चं, पीई ४ म्हणजे ८ चं, पीई ५ म्हणजे ८.१ चं. तेव्हा कुठून तरी मिळालेली, पीई ३ वर बांधलेली रिकव्हरीची जुनी आयएसओ फाइल (जिच्यावरून बूटचा पेनड्राइव्ह बनतो ती) आजच्या मशीनवर चालवली तर ती स्क्रीन दाखवेल, डिस्कही कदाचित दाखवेल, पण कीबोर्ड तिला दिसणार नाही.

इथे सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला असा: "निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये लाव." निळा पोर्ट सहसा यूएसबी ३.० चा, काळा २.० चा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. कधी खरा होता ते कळलं की तास वाचतो. जुन्या मदरबोर्डवर यूएसबी २.० चे पोर्ट वेगळ्या, ईएचसीआय नावाच्या कंट्रोलरवर असत आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्येही होता. म्हणून काळ्या पोर्टात लावलेला कीबोर्ड चालायचा. पण इंटेलने २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून, म्हणजे सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आलेल्या चिपसेटपासून, हा जुना कंट्रोलर काढूनच टाकला. तिथून पुढे पोर्टचा रंग कोणताही असो, आतली वाट एक्सएचसीआयमधूनच जाते. विंडोज ७ इन्स्टॉल करणाऱ्यांची त्या काळात हीच फजिती झाली: सेटअप सुरू व्हायचा आणि भाषा निवडायला माउस नाही. इतकी, की इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर घालून देणारं वेगळं साधन इंटेललाच काढावं लागलं.

थोडक्यात, मशीन २०१५ च्या आधीचं असेल तर पोर्ट बदलून बघा. नंतरचं असेल तर पोर्टांशी खेळत बसू नका, पेनड्राइव्ह बदला. त्याच रिकव्हरी प्रोग्रामची विंडोज १० किंवा ११ च्या पीईवर बांधलेली नवी आवृत्ती घ्या. पेनड्राइव्ह बनवताना 'कोणतं पीई वापरायचं' असा पर्याय काही प्रोग्राम देतात. लोक तिकडे न बघता पुढे जातात.

ड्रायव्हर हाताने घालता येतो का? येतो. चालू कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधली बूटची इमेज माउंट करायची (फोल्डरसारखी उघडायची), विंडोजच्याच डिझम साधनाने तिच्यात ड्रायव्हर घालायचा आणि बदल जतन करायचे. फक्त ३२ बिटच्या पीईला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो आणि ६४ ला ६४ चा, इथे घोटाळा होतो. चालू पीईमध्येही ड्रायव्हर चढवण्याची कमांड असते, पण ती टाइप करायला कीबोर्ड हवा. घराची किल्ली घरातच राहिल्यासारखं ते.

दोष कुणाचा ते न तपासता सेटिंग उलटसुलट करणं

बायोसला हात लावण्याआधी एक चाचणी करा. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने विंडोज ११ चा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा आणि त्याच मशीनवर त्यावरून बूट करा. पहिली भाषेची स्क्रीन आली की माउस हलवा, टॅब दाबा. पुढे न जाता मशीन बंद करा. तिथपर्यंत डिस्कवरचं काहीही बदललेलं नसतं. तिथे कीबोर्ड-माउस चालले तर हार्डवेअर आणि बायोस दोन्ही ठीक आहेत, दोष रिकव्हरीच्या पेनड्राइव्हचा. तिथेही चालले नाहीत, तरच बायोसकडे वळा.

बिटलॉकरची किल्ली हाताशी नसताना सिक्युअर बूट बंद करणं

कीबोर्डच्या नादात ही चूक होते आणि ती कीबोर्डपेक्षा कितीतरी महाग पडते. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बूट व्हावा म्हणून लोक सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करतात. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. घाबरू नका, सेटिंग पूर्ववत केलं की बहुधा मागणी थांबते. पण आधी ती की शोधून ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन असेल तर ती बहुधा त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते.

आणि त्या अकाउंटचा पासवर्ड विसरला असेल तर या सगळ्या उठाठेवीची गरजच नाही, तो फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर बदलता येतो. बूट करणारे प्रोग्राम मुख्यतः स्थानिक, म्हणजे त्या कॉम्प्युटरपुरत्या, अकाउंटसाठी. शिवाय डिस्क एन्क्रिप्टेड असेल आणि की नसेल, तर कीबोर्ड उत्तम चालूनही आतलं काही हाती लागणार नाही. फायली विंडोजच्या ईएफएसने (एकेक फाइल कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) एन्क्रिप्ट केल्या असतील तर पासवर्ड बाहेरून पुसल्यावर त्या उघडत नाहीत, हेही आधी लक्षात घ्या.

लेगसी यूएसबी सपोर्ट बंद करणं

बायोसमध्ये कामाची सेटिंग मोजकीच असतात. 'लेगसी यूएसबी सपोर्ट' (फर्मवेअरला यूएसबी कीबोर्ड वापरू देणारं सेटिंग) चालू हवं. 'एक्सएचसीआय हँड-ऑफ' असं काही दिसलं तर ते चालू करून बघा, मग बंद करून बघा. ताबा कसा सोपवायचा ते यावर ठरतं आणि दोन्हींपैकी काय लागू पडेल ते मशीनवर अवलंबून असतं. जुन्या मदरबोर्डवर 'एक्सएचसीआय मोड' असेल तर तो बंद केल्यावर सगळे पोर्ट जुन्या कंट्रोलरकडे जातात आणि जुना प्रोग्रामही कीबोर्ड ओळखतो. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आधी फोनने स्क्रीनचा फोटो काढा.

लेगसी यूएसबी सपोर्ट मात्र बंद करून बघायच्या भानगडीत पडू नका. घरात फक्त यूएसबी कीबोर्ड असेल तर पुढच्या वेळी बायोस उघडायलाही कीबोर्ड चालणार नाही अशी वेळ येऊ शकते. मग उपाय एकच: मदरबोर्डवरच्या जंपरने किंवा गोल बटनसेल थोडा वेळ काढून सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) रिसेट करणं. बिटलॉकरची की नसलेल्याने तेही जपून.

'फास्ट बूट' आणि 'अल्ट्रा फास्ट' चालू असले तरी हीच अडचण येते. सुरुवातीचा वेळ वाचवायला फर्मवेअर यूएसबी जागं करणंच टाळतं, त्यामुळे एफ२ कितीही बडवलं तरी काही होत नाही. अशा वेळी लॉगिनच्या स्क्रीनवर जा. पासवर्ड नसला तरी पॉवरचं चिन्ह तिथे असतं. शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट'वर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत जाऊन फास्ट बूट बंद करा. 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट'ने जाण्याचा आणखी एक फायदा: फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं की विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सवरचे प्रोग्राम त्या डिस्कवर लिहायला नकार देतात.

ब्लूटूथ कीबोर्डवर भरवसा

ब्लूटूथची जोडी तुमच्या विंडोजने लक्षात ठेवलेली असते, पेनड्राइव्हवरच्या सिस्टमला तिचा पत्ताही नसतो. छोट्या रिसीव्हरचे २.४ गिगाहर्ट्झवाले कीबोर्ड चालतात, कारण रिसीव्हर स्वतःला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणून सादर करतो. मात्र तो रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पेनड्राइव्हला खेटून लावू नका. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका त्याच लहरींत पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. कळा मध्येच गाळल्या जात असतील तर कारण बहुधा हेच.

या कामाला सर्वांत साधा, तारेचा, दिवे-बिवे नसलेला कीबोर्ड घ्या आणि थेट मागच्या पोर्टात लावा. हब, मॉनिटरवरचे पोर्ट, केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड अनेक कॉम्प्युटरना जोडणारा डबा) सगळं मधून काढून टाका. डेस्कटॉपवर पीएस/२ चा गोल पोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं: त्याला यूएसबीचा ड्रायव्हर लागतच नाही. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माउसचा. हा मात्र मशीन बंद असतानाच जोडायचा असतो.

लॅपटॉपच्या टचपॅडशी झटापट

बऱ्याच लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आतून पीएस/२ पद्धतीनेच जोडलेला असतो, म्हणून तो जुन्या पीईतही चालतो. नवे टचपॅड मात्र आय२सी नावाच्या वाटेने जोडलेले असतात आणि त्या वाटेचा ड्रायव्हर पीईत बहुधा नसतो. टचपॅड बिघडलेला नाही. तारेचा माउस लावा, किंवा माउसचा नादच सोडा: टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, बाणांनी यादीत वरखाली, स्पेसने निवड, एंटरने होकार. रिकव्हरी प्रोग्रामची दोन-तीन बटणं तेवढ्यात उरकतात.

काही प्रोग्रामांत माउस नसतोच. पेटर नॉर्डाल-हागेन यांचा, २०१४ नंतर नवी आवृत्ती न निघालेला पण अजूनही फिरणारा लिनक्सवरचा पासवर्ड एडिटर निव्वळ काळ्या पडद्यावर चालतो. तिथे माउस हलत नाही म्हणून मशीन रीस्टार्ट करणारे मी पाहिलेत. आकडा टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. शेवटी तो विचारतो, बदल डिस्कवर लिहू का? तिथे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. इंग्रजी 'y' हे अक्षर टाइप करा, नाही तर पासवर्ड जसाच्या तसा.

घाईने पॉवर बटण दाबणं

पीई पूर्ण मेमरीत चढायला आणि उपकरणं ओळखायला वेळ लागतो. खिडकी दिसली तरी मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग यूएसबी कीबोर्ड काढून दुसऱ्या पोर्टात लावा. कधी कधी एवढ्यानेच तो जागा होतो. तरीही नाहीच, तर नुसती यादी दिसत असताना मशीन बंद करायला सहसा हरकत नसते. रिसेट दाबून झालं असेल तर मात्र थांबा, तेव्हा डिस्कवर लिहिणं चालू असू शकतं. बंद केल्यावर वीज काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा. अडकलेला कंट्रोलर यातून सुटतो.

काम झालं, नवा पासवर्ड चालला, की पेनड्राइव्ह काढा आणि फोनमधला तो फोटो उघडा. सिक्युअर बूट, फास्ट बूट, एक्सएचसीआय मोड, जे जे बदललं ते एकेक करून होतं तसं ठेवा. एक्सएचसीआय बंदच राहिला तर दोन महिन्यांनी 'पेनड्राइव्ह फार हळू कॉपी करतो' म्हणून तुम्हीच पुन्हा शोधाशोध कराल.