घरच्या बिअरचा सेटअप लावताना कंबर धरायला लावणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांची नेहमीची बॅच पाच गॅलनची. ऐकायला किरकोळ वाटते. पण पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, आणि वाफेत नि गाळात जाणारं धरलं तर उकळायला ठेवताना केटलमध्ये, म्हणजे उकळायच्या मोठ्या भांड्यात, २४-२५ लिटर वर्ट (मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) असतो. मॉल्टची साखर उतरल्यामुळे तो पाण्यापेक्षा जड. भांड्यासकट वजन ३० किलोच्या आसपास जातं. तिथल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात उचलायच्या ओझ्याची वरची मर्यादा २३ किलो आहे, तीही ओझं अंगालगत, पकड पक्की आणि कंबर न वळवता उचललं तर. आता उकळती केटल अंगालगत कोण धरणार?

शिवाय हे एकदा करून संपत नाही. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची कायदेशीर मुभा आहे. ती पुरती वापरली तर पाच-पाच गॅलनच्या ४० बॅचेस होतात. (तिथे हे फेडरल कायद्याने १९७९ पासून चालतं. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीवर आल्यावर काकांच्या गच्चीवर प्रयोग नकोत.)

सगळा सेटअप एकाच गोष्टीवर बेतायचा: भरलेलं भांडं जागचं हलणार नाही. हलेल ते आतलं पातळ.

तीन मजली स्टँडचा हट्ट

वर गरम पाणी, मध्ये मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य), खाली केटल. सगळं आपोआप खाली उतरतं, पंपाची भानगड नाही. कागदावर झकास. पण वरचं भांडं डोक्याच्या उंचीला जातं आणि त्यात पाणी बादल्यांनी चढवावं लागतं. म्हणजे वजन उचलणं टळलं नाही, फक्त आधी उरकलं. त्यात स्टुलावर चढून गरम पाण्यात डोकावायचं. असा स्टँड आधीच केला असेल तर निदान पाणी होजने भरा. बागेचा हिरवा होज नको, त्याचा वास बिअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यासाठीचा पांढरा मिळतो, तो घ्या. नवीन करणार असाल तर सगळी भांडी एकाच पातळीवर ठेवा, साधारण कमरेच्या खाली, आणि पंप लावा.

पंप घेतला, पण लावला चुकीचा

बहुतेक तक्रारी इथल्याच. होमब्रूइंगचे चुंबकावर चालणारे छोटे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. विहिरीवरची मोटर एअर धरते तसेच हेही धरतात: आवाज येतो, पाणी येत नाही. मग माणूस वैतागून केटल उचलून ओततो, आणि पंप घेतल्याचा उपयोग शून्य.

पंप भांड्याच्या तळाच्या खाली हवा. टेबलावर केटलच्या शेजारी मांडलेला पंप कुरकुर करणारच. त्याचं तोंड असं फिरवा की बाहेर जाणारी नळी वरच्या दिशेला येईल, म्हणजे पंपाच्या डोक्यात अडकलेली हवा निघून जाते. सुरू करताना आधी बटण दाबायचं नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडा, बाहेरच्या नळीचं टोक केटलमधल्या पातळीच्या खाली एका जगमध्ये धरा, आणि वर्ट बुडबुडे संपून सलग यायला लागला की बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा. नळी जागेवर जोडा, व्हॉल्व्ह थोडा उघडा, मगच पंप चालू.

प्रवाह कमी करायचा तो नेहमी बाहेरच्या बाजूने. आत येणारी बाजू आवळली की पंप उपाशी राहतो, आणि उकळीजवळच्या वर्टमध्ये तर तिथे वाफेचेच फुगे होतात. खडखड ऐकू आली तर हेच कारण समजा: पंप बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा हळू सुरू करा. कोरडा चालवला तर आतला भाग झिजतो. मॅशमधून वर्ट फिरवताना व्हॉल्व्ह एकदम पुरता उघडला की धान्याचा थर तळाशी दाबून बसतो आणि प्रवाह ठप्प होतो. अशा वेळी पंपाशी झटापट करू नका. बंद करा, थर पळीने सैल करा, चिमूटभर धीराने पुन्हा उघडा. गहू किंवा ओट्स जास्त असतील तर मुठभर-दोन मुठी भाताचं तूस आधीच मिसळलेलं बरं.

नळी सिलिकॉनचीच. साधी प्लास्टिकची नळी गरम वर्टने मऊ पडते, मुरगळते आणि जोडातून निसटते, तेही उकळता वर्ट आत असताना.

पिशवी हाताने वर ओढणं

पिशवीत मॅश करणाऱ्यांना वाटतं, आपल्याला उचलायला आहे काय? ५ किलो धान्य पाण्यातून बाहेर काढताना सहज १० किलोच्या वर भरतं, आणि ते हात लांब करून, वाफेवर वाकून, निथळेपर्यंत धरायचं असतं. कमरेत चमक भरायला याहून चांगली पोझ सापडणार नाही. छताच्या लाकडी तुळईत आय-बोल्ट पक्का बसवा आणि त्याला रॅचेटवाली कप्पी टांगा. दोरी सोडली तरी पिशवी वरच लटकते. बोल्ट तुळईतच गेला पाहिजे. नुसत्या ड्रायवॉलमध्ये नको, आणि गॅरेजच्या दाराच्या रुळाला तर अजिबात नको. पिशवी वर घेण्याआधी बर्नर बंद करा, कारण दोरी आणि पिशवी दोन्ही ज्वाळेवर लोंबकळतात.

गरम केटल सिंकपर्यंत नेणं

हे कशासाठीही करू नका. वर्ट गार करायला तांब्याच्या वेटोळ्याचा चिलर केटलमध्येच सोडा आणि पाणी होजने आणा.

आधी भरायचं, मग हलवायचं

फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, जिथे राहणार तिथेच रिकामा ठेवून भरा. बेसमेंटमध्ये ठेवायचा असेल तर गार झालेला वर्ट निर्जंतुक केलेल्या लांब नळीने जिन्यावरून खाली सोडता येतो, उतार फुकटचा आहे. भरलेला काचेचा कार्बॉय (अरुंद मानेचा मोठा बुधला) घेऊन जिना उतरणं हा मात्र धोक्याचा खेळ. काच ओली असते, मानेला लावलेलं हँडल फक्त रिकामा कार्बॉय उचलण्यापुरतं असतं, आणि तो फुटला तर नुसती बिअर सांडून भागत नाही, टाके पडतात. माझं मत विचाराल तर काच घेऊच नका; हलक्या प्लास्टिकचे किंवा स्टीलचे फर्मेंटर मिळतात.

तापमान सांभाळायला लोक सेकंडहँड आडवा फ्रीझर आणतात, कारण तो स्वस्त पडतो. मग भरलेला फर्मेंटर कमरेपेक्षा उंच कडेवरून आत उतरवायचा, तोही पुढे वाकून. नायॉशचं सूत्र ज्या ज्या गोष्टींसाठी वजन कमी करायला सांगतं, त्यातल्या बऱ्याच इथे एकदम येतात. उभा फ्रिज घ्या. आडवाच असेल तर रिकामा फर्मेंटर आत ठेवून तिथेच भरा.

सायफनसाठी फर्मेंटर टेबलावर चढवणं

सायफनला उंची लागते, म्हणून केगिंगच्या दिवशी (बिअर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात, भरताना) २५ किलोचा फर्मेंटर टेबलावर जातो आणि तळाचा गाळही ढवळतो. दाब सोसणारा फर्मेंटर असेल तर तो खालीच राहू द्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या दोन-तीन पीएसआय दाबाने बिअर केगमध्ये ढकला. हवाही लागत नाही. काचेच्या कार्बॉयला किंवा साध्या बादलीला दाब कधीच देऊ नका. तसा फर्मेंटर नसेल तर पहिल्या दिवसापासूनच तो भक्कम स्टँडवर ठेवा, म्हणजे शेवटी उचलायला लागणार नाही.

पाच गॅलनचा भरलेला केगही २३ किलोच्या पुढेमागे जातो. तो आधी फ्रिजमध्ये ठेवा, मग भरा. मॉल्टची २५ किलोची गोणी दुकानातून आणल्या दिवशीच झाकणाच्या दोन-तीन बादल्यांत वाटून टाका.

धुताना मात्र सगळे हे विसरतात. साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली केटल तिरकी करून ओतताना कंबर लचकते. तोच पंप लावा, गरम क्लीनर अर्धा तास फिरवा, आणि नळीचं टोक थेट लाँड्री सिंकमध्ये सोडा.