स्टँडिंग डेस्क घेताय? आधी कोपर मोजा

इलेक्ट्रिक स्टँडिंग डेस्क घेताना जो तो ‘किती वर जातं?’ एवढंच विचारतो. विचारायला हवं ते किती खाली येतं. दोन टप्प्यांच्या पायांची (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे पाय) बरीच डेस्कं ७० सेंटीमीटरच्या आसपासच अडतात. पाच फूट उंचीच्या माणसाला बसून टाइप करायला साधारण ६० लागतं. नाहीतर दिवसभर खांदे वर चढलेले. घरी नेहमीच्या खुर्चीत पाय टेकवून बसा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. मग चप्पल काढून, उभं राहून. फळीची जाडी धरून हे दोन्ही आकडे डेस्कच्या मापात बसायला हवेत. उंची कमी असेल तर थोडे जास्त पैसे टाका, पण तीन टप्प्यांचे पायच बघा.

दुकानात डेस्क पूर्ण वर नेऊन कडेला धरून हलवा. तिथेच डुलत असेल तर घरी मॉनिटरही डुलणार. वजनाच्या मर्यादेत फळीचं वजन धरलंय का, हे आपणच विचारायचं. विक्रेता सहसा सांगत नाही. आणि वीज गेली की डेस्क असेल तिथेच थांबतं, म्हणून जमल्यास इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडा.