डाइव्ह वॉच घ्यावे की ड्रेस वॉच?

घड्याळ पसंत करताना बहुतेकांची नजर आधी डायलवर जाते. माझ्या मते ती आधी स्वतःच्या बाहीवर जायला हवी. पूर्ण बाहीचा शर्ट घालून, कफचे बटण लावून घड्याळ मनगटावर चढवावे आणि हात दोन-चार वेळा वाकवून सरळ करावा. 7-8 मिलिमीटर जाडीचे ड्रेस वॉच, म्हणजे कोटासोबत किंवा समारंभात घालायचे साधे, पातळ घड्याळ, कफखाली सहज सरकते आणि हात पुढे केला की आपसूक बाहेर डोकावते. 13-14 मिलिमीटर जाडीच्या डाइव्ह वॉचच्या, म्हणजे पाणबुड्यांसाठी घडवलेल्या दणकट घड्याळाच्या, दातेरी कडेवर मात्र कफ अडकून बसतो, आणि रोजच्या घासण्याने तिथलीच शिवण आधी विरते. रुंदीच्या बाबतीत केवळ व्यासाच्या आकड्यावर विसंबू नये. पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोके मनगटाच्या सपाट भागाबाहेर लोंबत असतील, तर 40 मिलिमीटरचे घड्याळही मोठेच ठरते.

डाइव्ह वॉचचा दणकटपणा दिखाव्यासाठी नाही, हे समजून घेतले की निवड सोपी होते. 1953 मध्ये आलेल्या, ब्लांपें या स्विस कंपनीच्या 'फिफ्टी फॅदम्स'पासून या घड्याळांची जी घडण रुळली, तिचा प्राण फिरत्या कड्यात, म्हणजे बेझलमध्ये आहे. पाण्यात उतरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला की किती मिनिटे गेली ते थेट वाचता येते. हे कडे एकाच दिशेने, डावीकडे फिरते. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच दिसत नाही, त्यामुळे पाणबुड्या हवा संपण्याआधीच वर येतो. एका साध्या कड्यात इतका विचार असावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. आयएसओ 6425 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा घड्याळाने किमान 100 मीटरची क्षमता दाखवावी लागते आणि गडद अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता यावी लागते.

इथेच अनेकांची फसगत होते. ड्रेस वॉचच्या पाठीवर '30 मीटर' असे कोरलेले असले, तरी त्याचा अर्थ तितक्या खोल पाण्यात नेता येईल असा नव्हे; हात धुताना उडालेले शिंतोडे ते सोसेल, इतकाच. पोहायचे असेल तर 100 मीटरपेक्षा कमी क्षमतेचे घड्याळ हातात असू नये. शिवाय पाणी अडवणारी रबरी कडी काळानुसार कडक होतात, म्हणून बॅटरी बदलताना किंवा सर्व्हिसिंग करताना दाबाची चाचणी आठवणीने करून घ्यावी.

ड्रेस वॉचची कसोटी वेगळी आहे. त्यात जितके कमी, तितके चांगले: दोन किंवा तीन काटे, फार तर तारीख. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे 1932 चे 'कालात्राव्हा' जेमतेम 31 मिलिमीटरचे होते आणि आजही ते अपुरे वाटत नाही. मात्र चामड्याचा पट्टा घामाने लवकर खराब होतो. ज्यांना भरपूर घाम येतो किंवा ज्यांचे हात दिवसभर कामात गुंतलेले असतात, त्यांनी ते रोजच्या वापरासाठी घेऊ नये.

एकच घड्याळ घ्यायचे असेल, तर 38 ते 40 मिलिमीटर व्यासाचे आणि 12 मिलिमीटरच्या आतल्या जाडीचे, काळ्या डायलचे डाइव्ह वॉच घ्यावे, असा माझा सल्ला आहे. पोलादी पट्ट्याऐवजी चामड्याचा लावला की समारंभातही ते खटकत नाही. उलट ड्रेस वॉच पोहायला नेता येत नाही. आठवड्याचे बहुतेक दिवस कोट आणि कफमध्ये जात असतील आणि पाण्याशी संबंध हात धुण्यापुरताच असेल, तर मात्र बिनदिक्कत ड्रेस वॉच घ्यावे.

डाइव्ह वॉच ठरलेच, तर त्याची स्क्रूची चावी, म्हणजे काटे फिरवण्यासाठी बाजूला असलेली आट्यांची गुंडी, बंद करण्याची पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. चावी हलके दाबून आधी किंचित उलटी फिरवावी. आटे जुळल्याची बारीकशी टिक बोटाला जाणवली की मगच सरळ फिरवून घट्ट करावी. घाईने थेट आवळल्यास आटे झिजतात, आणि पाणी आत शिरते ते बहुधा तिथूनच.