मे महिन्याच्या उन्हात कुंडीतला गुलाब

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात पारा ४२ च्या वर गेला की गुलाबाची फुलं लहान येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात, रंग दिवसभरात उडतो. खत कमी पडलं म्हणून असं होत नाही, उन्हामुळे होतं. त्यामुळे या दोन महिन्यांत मुळं गार ठेवायची आणि अंगावरची पानं टिकवायची. फुलांचं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बघू.

पाणी सकाळी सातच्या आत. १२ इंची कुंडीला साधारण दोन-अडीच लिटर, खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. संध्याकाळी मातीत बोट घालून पाहा. दोन इंच खोलवर कोरडं लागलं तरच आणखी लिटरभर. जमिनीतल्या झाडाला आळं करून एक दिवसाआड दहा लिटर. काळ्या मातीत दोन दिवसांआडही चालतं. उन्हात पडलेल्या नळीतलं सुरुवातीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत काढा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र गुलाबाला कधीच नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि तेच मुळांशी साचतात.

पाणी ओतल्याबरोबर खालून वाहू लागलं, तर झाडाला पाणी पोचलं असं समजू नका. वाळलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं. मधला मुळांचा गोळा ठणठणीत कोरडा. खुरप्याच्या टोकाने वरची माती हलकी करा, फट बुजवा आणि कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा. मातीतून बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

दुपारी दोनला कोवळे शेंडे माना टाकतात. माती ओली असेल तर हात आवरा, ऊन उतरलं की ते सावरतात. सकाळीही मान खालीच असेल, तर एक तर माती कोरडी आहे किंवा जास्त पाण्याने मुळं कुजताहेत.

मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला दोन-तीन इंच पसरा, खोडापासून दोन इंच सोडून. गच्चीचा स्लॅब तापतो, म्हणून कुंडीखाली विटा ठेवा; पश्चिमेच्या भिंतीपासून कुंडी लांब सरकवा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी हवी, पण सकाळचं चार-पाच तास ऊन मिळू द्या.

आता लाल कोळी ही कीड. पानावर बारीक फिकट ठिपके, मग पान धुरकट, खाली बारीक जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले कण चालू लागले की कोळीच. कोरड्या उष्ण हवेत त्यांची संख्या फार झपाट्याने वाढते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारा, सलग चार-पाच दिवस. अर्धं काम यातच होतं. तरी उरले तर ऊन गेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, आधी दोन-चार थेंब द्रवरूप साबणात घोळून. गंधक या उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

युरिया, डीएपी बंद. शेणखत भिजवून गाळलेलं पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती आधी ओली करून.

सुकलेलं फूल देठाशी खुडा, फांदी कापू नका. पानांची सावली गेली की उघडी पडलेली काडी उन्हाने काळपट होते आणि शेंड्याकडून वाळत खाली येते. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून, खुंटातून (ज्यावर कलम केलंय त्या मुळांकडच्या झाडातून) आलेला फुटवा मात्र दिसताच मुळापासून ओढून काढा. कुंडी बदलायची असेल तर पाऊस पडून हवा गार होईपर्यंत थांबा.