जुन्या पुस्तकात दडलेल्या वस्तू कशा शोधाव्यात

मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात घेतलेले जुने पुस्तक घरी आल्यावर उलटे धरून झटकू नये. आत पिंपळाचे जाळीदार पान असले, तर त्या एका हिसक्यातच त्याचा चुरा होतो. पुस्तक आडवे ठेवून वरच्या कडेकडे पाहावे आणि जिथे पानांमध्ये बारीकशी फट दिसेल, तिथेच ते हलक्या हाताने उघडावे. खाकी कव्हराच्या आत दुमडलेल्या पट्ट्या मात्र आवर्जून तपासाव्यात, कारण बसची तिकिटे आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या तिथे सरकून वर्षानुवर्षे पडून राहतात (मोरपीस बहुधा मधल्या पानांत सापडते, त्याला पिले होतील या आशेने ठेवलेले). गंजलेली टाचणी ओढू नये. वर्तमानपत्राचे कात्रण शेजारच्या पानांवर तपकिरी डाग पाडते, म्हणून ते कोणत्या पानात होते याची पेन्सिलीने नोंद करून वेगळ्या पाकिटात ठेवावे. काळ ठरवताना पत्त्यातील पिनकोड उपयोगी पडतो, कारण ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पावतीवर ‘नये पैसे’ असतील, तर ती साधारणपणे १९५७ ते १९६४ या काळातील समजावी.