सोळा एका ओळीत, जीबी दुसऱ्या

सोलापुरात पूर्व भागात आमचं घर. खाली शेजाऱ्यांचे यंत्रमाग, वर माझा लॅपटॉप. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं डॉक्युमेंटेशन इथूनच लिहायला लागलो, तेव्हा वाटलं होतं, इंग्रजी बरं असलं की झालं. पहिल्याच इन्स्टॉलेशन गाइडवर रिव्ह्यू करणाऱ्या मॅडमची लाल खूण आली: ‘१६’ ओळीच्या शेवटी, ‘जीबी’ खालच्या ओळीत. मी ‘१६’च्या आधी एंटर मारून मोकळा झालो. दोन दिवसांनी टेम्प्लेटचा फॉन्ट बदलला आणि माझे सगळे एंटर परिच्छेदांच्या मधोमध उघडे पडले.

“अहो, एंटर कसले मारताय? नॉन-ब्रेकिंग स्पेस द्या,” मॅडम फोनवर म्हणाल्या. दिसायला साधीच मोकळी जागा, पण तिथे ओळ तुटत नाही. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस, मॅकवर ऑप्शन-स्पेस, लाटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टिल्डे (~). युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, साध्या स्पेसचा क्रमांक ३२, हिचा १६०.

मग काय, दिसेल तिथे टाकत सुटलो. फाइंड-रिप्लेसच्या नादात कमांडमध्येही, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायच्या हुकमांतही. ग्राहकाने वर्डच्या फाइलमधून फोल्डर बनवायची कमांड कॉपी करून टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवली. उत्तर आलं, ‘कमांड सापडली नाही’. एररमध्ये कमांड जशीच्या तशी छापलेली, अगदी बरोबर दिसणारी! टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम, बॅश, साध्या स्पेसवर शब्द वेगळे करतो, १६० नंबरची स्पेस मात्र त्याच्या लेखी एक अक्षर. म्हणजे कमांड आणि फोल्डरचं नाव मिळून एकच लांबलचक शब्द झाला होता. खाली धागा तुटला की कामगार माग थांबवून गाठ मारतो. इथे तुटलेलं काही दिसतच नव्हतं.

शेवटी वर्डचं परिच्छेद-खुणांचं बटण दाबलं. साध्या स्पेसच्या जागी ठिपका, हिच्या जागी अंशाच्या खुणेसारखं बारीक वर्तुळ. नव्याने या कामात येत असाल तर ते बटण पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. फाइल देण्याआधी फाइंडमध्ये कॅरेट आणि त्याला लागून छोटा एस (^s) टाकून ही स्पेस शोधा. कमांडमध्ये एकही सापडता कामा नये.

‘८ जीबी’, ‘आकृती ३’, ‘आवृत्ती २.१’ इथे ती हवीच. मराठीत ‘रु. ५००’, ‘इ. स. १९६०’ इथेही, पण आपल्याकडे कोण एवढं बघतं! चार शब्दांचं प्रॉडक्टचं नाव मात्र या स्पेसने बांधू नका. अख्खं नाव खालच्या ओळीत उडी मारतं आणि वर भगदाड पडतं.

आता आमची गाइड मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत खुणा घालून लिहायच्या पद्धतीत, आहेत. तिथे मी ही स्पेस कीबोर्डने देत नाही. अँपरसँड, एनबीएसपी, सेमिकोलन ( ) अशी अक्षरांत लिहितो. कोड ब्लॉकमध्ये, म्हणजे कमांड जशीच्या तशी दाखवायच्या चौकटीत, चुकून गेलीच तर ती अक्षरं तशीच छापली जातात आणि ग्राहकाआधी मॅडमना दिसतात.