नोव्हेंबरात डोंगरावर मुक्काम करायचाय? अंदाज असा वाचा

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतून पहिला फोन येतो, "ताई, वर थंडी किती असेल हो?" गेली अठरा वर्षं मी इथल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना नोव्हेंबरात सह्याद्रीत मुक्कामाला नेते. या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मोबाइलवर दिसतोय तो आकडा कुठल्या जागेचा आहे, हे आधी बघावं लागतं.

मुंबईतच बघा. कुलाबा आणि सांताक्रूझ, एकाच शहरातली दोन ठिकाणं. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, म्हणून रात्री पारा फारसा उतरत नाही. सांताक्रूझला पहाटे दोन-तीन अंश कमी, हे थंडीत नेहमीचंच. आमच्याकडे योगी हिलच्या पायथ्याशी पहाटे दूध आणायला गेलं तर आणखी गार लागतं. सपाट शहरात एवढा फरक पडतो, तर दऱ्याडोंगरांत किती पडेल?

शनिवारी निघायचं असेल तर मी बुधवारी सुरुवात करते, आणि पहिल्यांदा समुद्र बघते. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर, त्यामुळे नोव्हेंबर कोरडा असतो असं सगळे धरून चालतात. पण हाच चक्रीवादळांचा मोसम आहे. 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं. डिसेंबर 2017 मध्ये 'ओखी' आलं तेव्हा मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. म्हणून हवामान खात्याच्या अंदाजात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा किंवा बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे असा उल्लेख दिसला की मी मुक्काम पुढे ढकलते. मुलं हिरमुसतात, मलाही वाईट वाटतं, तरी ढकलते. याउलट उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात पाऊस-बर्फ पाडणारी हवेची प्रणाली, येऊन पुढे सरकला असेल, तर एक-दोन दिवसांत कोरडे उत्तरेचे वारे खाली उतरतात, आणि नाशिक-निफाडचा पारा घसरायला लागतो. तेव्हा जाड कपडे बाहेर काढायचे.

गुरुवारी जिल्ह्याचा अंदाज बघायचा, आणि इथे बहुतेकांची चूक होते. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात येतात, म्हणून लोक अहिल्यानगरचं तापमान बघून पिशवी भरतात. ते शहर घाटमाथ्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला, पठारावर आहे. त्यापेक्षा नाशिकचा आकडा धरा. हवामान खातं नाशिक, पुणे, साताऱ्याच्या घाटभागासाठी वेगळा इशारा देतं, तोही नक्की वाचा.

दिवसाचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटर उंचीला सरासरी 6.5 अंश कमी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर. नाशिकला दुपारी 29 असेल तर माथ्यावर 22 च्या आसपास धरा. वारा असला की अंगाला त्याहून गार लागतं.

रात्री मात्र हा हिशेब चालत नाही. कितीतरी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. एकदा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाजवळ मी ओढ्याकाठी तंबू लावले. भात कापून खाचरं मोकळी झाली होती, जागा सपाट, पाणी हाताशी. आभाळ निरभ्र, पान हलत नव्हतं. मला वाटलं, वारा नाही म्हणजे रात्र सुखाची जाणार. पहाटे तीनला तंबूच्या आतल्या कापडावरून दवाचे थेंब ओघळून मुलांच्या तोंडावर पडायला लागले. आठ वर्षांची एक मुलगी इतकी कुडकुडत होती की तिला शब्द बोलता येईना. तिचे ओठ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वरच्या अंगाला एक घर होतं, तिथली आजी कंदील घेऊन खाली आली. "पोरी, लेकरांना वढ्यात कशाला निजवलंस? गारठा पान्यावानी खाली उतरतो. वर खळ्यावर आन त्यांना."

आजीचं म्हणणं शब्दशः खरं आहे. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडून देते. तिला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. अशा रात्री तिथून वर चढावं तशी हवा काही उंचीपर्यंत उबदार होत जाते. महाबळेश्वर गावापेक्षा खाली वेण्णा तलावाकाठी जास्त थंडी पडते आणि दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तिथूनच येतात, त्यामागे हेच कारण. पुढच्या वर्षी त्याच गावात मी दोन साधे थर्मामीटर ठेवले होते. पहाटे पाचला ओढ्याकाठी 9 होते आणि खळ्यावर 12. मधे चढ जेमतेम पाच मिनिटांचा.

आणखी एक. हवामान केंद्रात तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आपण झोपतो जमिनीला पाठ लावून. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा छापलेल्या किमान आकड्याहून गार असते, म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकीच पाठीखालची मॅट महत्त्वाची. मी खाली दोन मॅट घालते, त्यांच्यामध्ये जुनी चादर.

तेव्हा जागा निवडताना ओढा, खाचर, तळ्याचा काठ सोडा. चढून थोडं वर या, पण अगदी धारेवर किंवा खिंडीतही नको, तिथे वारा झोपू देत नाही. उताराच्या मध्यावरचा माळ, मागे झाडी किंवा घराची भिंत, ही उत्तम जागा. संध्याकाळी मी शेकोटीचा धूर बघते. धूर सरळ वर न जाता थोडं चढून आडवा पसरला आणि दरीवर चादरीसारखा थांबला, तर गार हवेचा थर बसायला लागलाय. आभाळ ढगाळलं तर रात्र ऊबदार जाते, पण मग पावसाकडे लक्ष ठेवायचं. अवकाळी ढग बहुधा दुपारनंतर गडगडतात. फोनवर 'दामिनी' असू द्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. गडगडाट ऐकला की माथा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

सकाळी दरी धुक्याने भरलेली असते आणि माथ्यावर लख्ख ऊन. मुलांना ते जरूर दाखवा, पण उतरायची घाई करू नका. साडेआठ-नऊपर्यंत धुकं विरतं. तोवर गवत दवाने निसरडं असतं आणि त्याखालचा घसारा दिसत नाही. परतीला मात्र उशीर नको. मुंबईत या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पश्चिमेला कडा असलेल्या दरीत ऊन त्याच्या बरंच आधी जातं आणि गारठा लगेच उतरायला लागतो. मी पाचला सगळ्यांना गावात, चहाच्या चुलीपाशी आणलेलं असतं.